मुळशीच्या खोऱ्यात पाहुणे उतरवण्यापूर्वी

आषाढ-श्रावणातला शनिवार उजाडला की चांदणी चौकातून निघालेल्या मोटारींची रांग भूगाव-पिरंगुटपासून लागते, पौड मागे टाकून ती ताम्हिणीच्या धबधब्यांपाशी पोहोचते आणि दिवस मावळताना तशीच परत फिरते. मागे उरतात त्या बाटल्या, ताटल्या आणि भाताच्या बांधावरून गेलेल्या चाकांच्या खुणा. ज्या गावांच्या हद्दीतून ही सारी वर्दळ जाते, त्या गावांच्या पदरात मात्र चहाच्या आणि कणसाच्या विक्रीखेरीज फारसे काही पडत नाही. म्हणूनच ताम्हिणी, वडुस्ते, भांबर्डे, एकोले, आंबवणे या घाटमाथ्याच्या गावांतून, तसेच कोळवण आणि मुठा खोऱ्यांतून, एकाच आशयाचे प्रश्न वरचेवर विचारले जातात: आमचे गाव पर्यटनस्थळ व्हावे यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, परवाना कोणाचा लागतो, धबधब्यावर ग्रामपंचायतीला पैसे घेता येतात काय, आणि पुण्याचा कोणी जमीन मागत असेल तर द्यावी काय.

या सर्व प्रश्नांची उत्तरे पुढे क्रमाने दिली आहेत. ती देताना एक मत मी गृहीत धरले आहे, ते आरंभीच सांगून टाकतो. गावाचे पर्यटन गावाच्या हिताचे ठरायचे असेल तर जमिनीची मालकी आणि निर्णयाचा अधिकार या दोन गोष्टी गावाच्या हातून सुटता कामा नयेत. बाकी भांडवल, जाहिरात आणि इमारती यांची उणीव मागाहूनही भरून काढता येते.

तळ्याकाठची जमीन कोणाची, हे आधी पाहा

सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी पेट्यात जो सत्याग्रह सुरू झाला, तो टाटा कंपनीच्या धरणाखाली जाणाऱ्या मावळ्यांच्या जमिनींसाठी होता. सत्याग्रह विफल झाला, धरण उभे राहिले, आणि मुळा नदीचे पाणी बोगद्यातून कोकणात भिरा येथे उतरून वीज देऊ लागले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. जलाशयाच्या काठची पुष्कळ जमीन आजही वीज कंपनीच्या नावे आहे, आणि आपण पिढ्यानपिढ्या गुरे चारीत आलो म्हणून ती आपली, असा समज कित्येक कुटुंबांत दृढ आहे. अशा जमिनीवर तंबू ठोकून पाहुणे उतरवणे किंवा जलाशयात नावा सोडणे हे कंपनीच्या लेखी परवानगीवाचून बेकायदा ठरते, आणि उद्या कोणी बुडाला तर त्याची जबाबदारी तंबू ठोकणाऱ्याच्या माथी येते.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. मोसे खोऱ्यात दासवे-मुगाव परिसरात लवासा नावाचे गिरिनगर उभारण्यासाठी विस्तीर्ण जमीन एका हाती गेली; २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला आणि २०१८ साली कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. शनिवार-रविवारी तेथे आजही प्रवासी जातात. परंतु ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्यापाशी त्या येण्याजाण्यावर बोलण्याचा कोणताच अधिकार उरलेला नाही.

पहिले पाऊल: दफ्तर तपासणे

पाहुण्यांसाठी खोली रंगवण्याच्या आधी तलाठ्याच्या दफ्तरातून, किंवा संगणकीकृत अभिलेखातून, पुढील कागद काढून घ्यावेत:

- सातबारा आणि आठ-अ. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे प्रथम पाहावे. वर्ग २ च्या जमिनीवर हस्तांतरणाच्या व वापराच्या अटी असतात, आणि त्या मोडल्यास शर्तभंगाची कारवाई होऊ शकते.
- इतर हक्कांचा रकाना. कुळाची नोंद, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, राखीव वन अथवा खाजगी वन अशी नोंद येथेच सापडते. घाटमाथ्याच्या गावांत वनाची नोंद असलेले गट अनेक आहेत. तेथे एक खांब रोवायचा तरी वनविभागाची गाठ पडते.
- फेरफार. आजोबांच्या मृत्यूनंतर वारसांची नोंद झाली आहे काय, आत्या आणि बहिणींची नावे लागली आहेत काय, हे पाहावे.

या शेवटच्या मुद्द्यापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. आपल्याकडच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर दहापंधरा नावे असणे ही नित्याची बाब होय. त्यांतले दोघे मुंबईस, एक बहीण महाडास दिलेली, एक चुलता परागंदा, आणि प्रत्यक्ष कसणारा मात्र एकटा. शेतीपुरते हे चालून जाते, कारण पिकाच्या वाटणीचा व्यवहार तोंडी असतो. पाहुणे येऊ लागले, हाती रोख रक्कम दिसू लागली, की मग प्रत्येकाला आपला हिस्सा आठवतो आणि चालू झालेला व्यवसाय दिवाणी दाव्यात अडकतो. यासाठी सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आधीच घ्यावी. शक्य असल्यास तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करून आपला हिस्सा स्वतंत्र करून घ्यावा. यात वर्ष-दोन वर्षे गेली तरी ती वाया गेली असे मानू नये.

आपल्यापुढील मार्ग

*राहत्या घरात पाहुणे.* सर्वांत कमी भांडवलाचा आणि, माझ्या मते, आरंभासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग हाच. आपण घरात राहत असून एक-दोन खोल्या पाहुण्यांना देत असाल, तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेखाली किंवा होमस्टे म्हणून नोंदणी करता येते. नवी इमारत लागत नाही, आणि व्यवसाय चालला नाही तरी घर घरच राहते.

*कृषी पर्यटन केंद्र.* राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याखाली एकटा शेतकरी, शेतकऱ्यांची सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांना पर्यटन संचालनालयाच्या पुणे विभागीय कार्यालयात नोंदणी करून घेता येते. नोंदणीच्या प्रमाणपत्रामुळे बँकेपुढे कर्जाचा अर्ज ठेवणे सुलभ होते. मात्र यात शेती चालू असणे ही मूळ अट आहे. भाताची खाचरे बुजवून त्यांवर हिरवळ आणि पोहण्याचा तलाव करणाऱ्याने स्वतःस कृषी पर्यटन केंद्र म्हणवून घेऊ नये.

*गावाची सामूहिक योजना.* याचे नमुने महाराष्ट्रात पाहण्यासारखे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे ग्रामस्थांच्या घरांतच उतरतात आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातले जेवतात. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले, तेव्हा तेथील कुटुंबांनी आपल्या ओट्या आणि खोल्या वाचकांसाठी मोकळ्या केल्या. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत काजव्यांच्या हंगामात शहरातले लोक मुक्कामास जातात. वेळास आणि पुरुषवाडी या दोन्ही ठिकाणी आधीपासून गावात असलेली एखादी गोष्टच पाहुण्यांपुढे ठेवण्यात आली. मुळशीपाशीही तसे पुष्कळ आहे: कोरीगड आणि घनगड, इंद्रायणी व आंबेमोहोर भाताची शेती, मेअखेरीचे काजवे, पावसाळ्याच्या तोंडी उगवणाऱ्या भारंगी-टाकळ्यासारख्या रानभाज्या, आणि ज्या घरांत आजोबा-पणजोबांनी १९२१ साली तुरुंग पाहिला त्या घरांतल्या आठवणी. सत्याग्रहाची माहिती सांगणारा एखादा वृद्ध गृहस्थ आणि त्याच्यासोबत धरणाच्या भिंतीपर्यंत फेरी, एवढ्यावरही एक उत्तम सकाळ उभी राहते. या अंगाने आजवर फार थोडे झाले, याची मला मनापासून खंत वाटते.

महिलांनी हा व्यवसाय करावयाचा असल्यास २०२३ च्या ‘आई’ या महिलाकेंद्री पर्यटन धोरणाची माहिती अवश्य घ्यावी. त्यात महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायास १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज, १२ टक्क्यांच्या आणि एकूण साडेचार लाख रुपयांच्या मर्यादेत, परत मिळण्याची तरतूद आहे. मात्र मालकी केवळ कागदावर पत्नीची आणि कारभार पतीचा, असा प्रकार करू नये. बँकेच्या तपासणीत तो टिकत नाही.

आवणी आणि पाहुणे एकाच महिन्यात येतात

मुळशीच्या पर्यटनाची खरी अडचण कोणत्याही शासकीय पुस्तिकेत लिहिलेली नाही, आणि ती गावातल्या बायकांना पक्की ठाऊक आहे. पाहुण्यांची सर्वांत मोठी झुंबड जुलैत येते, आणि भाताची आवणीही जुलैतच असते. सकाळी सातला इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद पांघरून खाचरात वाकलेली बाई दुपारी घरी येऊन दहा माणसांच्या तांदळाच्या भाकरी थापील, खेकड्याचा रस्सा करील आणि रात्री भांडी घासून पहाटे पुन्हा चिखलात उतरेल, असे गृहीत धरून आखलेली योजना एका हंगामात मोडते. गावाच्या बैठकीत पुरुष उत्साहाने आकडे मांडीत असताना हा मुद्दा कोणी काढला नाही, तर तो आपण काढावा.

उपाय अवघड नाहीत. आवणीच्या तीन-चार आठवड्यांत पाहुण्यांची संख्या मुद्दाम कमी ठेवावी. पाहुणे घरोघर पाळीने वाटावेत, म्हणजे एकाच घरावर भार पडत नाही आणि एकाच घरात पैसाही साचत नाही. स्वयंपाकाची मजुरी हिशेबात वेगळी धरून ती करणाऱ्या बाईच्या खात्यावरच जमा करावी. ज्यांना हौस आहे अशा पाहुण्यांना अर्धा दिवस आवणीस न्यावे. परंतु त्यांनी लावलेली रोपे पुन्हा लावावी लागतात, तेव्हा त्यासाठी कडेचे एक खाचर राखून ठेवणे शहाणपणाचे. आणि हंगाम पावसापुरता मर्यादित ठेवू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरची भातकापणी, थंडीतले गड, मेअखेरीचे काजवे यांकडे गर्दी वळवता आली तर गावालाही श्वास मिळतो.

खोलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. २५ जुलै २०२४ च्या सुमारास ताम्हिणीत २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता; अशा प्रदेशात पाहुणा भिजूनच दारात येणार, हे धरून चालावे. पडवीत ओले कपडे आणि चिखलाचे बूट ठेवण्यास दोरी व फळी असावी; गाद्या उघड्यावर न ठेवता माळ्यावर कोरड्या जागी ठेवाव्यात, नाही तर आठवड्यात बुरशी धरते; वीज जाणारच, म्हणून कंदील किंवा बॅटरीचा दिवा खोलीतच असावा. शौचालय स्वच्छ, आतून कडी लागणारे आणि पाणी असलेले हवे. शहरातल्या पाहुण्याला सारवलेली जमीन आणि कौलारू छप्पर आवडते. त्यावर फरशी घालून सिमेंटचा स्लॅब टाकण्याची घाई करू नये.

कायद्याच्या बाजूने एवढे सांभाळावे:

- जेवण विकत देत असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी करावी.
- पाहुण्यांची नोंदवही ठेवावी व ओळखपत्र पाहावे. पाहुणा परदेशी नागरिक असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत पोलिसांकडे कळवावी लागते.
- परवान्यावाचून दारू देऊ नये व विकू नये. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक लावू देऊ नये. या दोन बाबतींत एकदा सैल पडलात की कुटुंबांसह येणारे पाहुणे बंद होतात आणि दुसऱ्याच प्रकारची मंडळी येऊ लागतात.
- सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी साधारणतः लागत नाही. तरी जमाखर्च पहिल्या दिवसापासून लिहावा.
- नवे बांधकाम करण्यापूर्वी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे परवानगीविषयी लेखी विचारणा करावी. शेतजमिनीचा बिगरशेती वापर परवानगीवाचून केल्यास जमीन महसूल संहितेखाली दंड होतो, आणि बांधकाम पाडण्याची नोटीसही येऊ शकते.

धबधब्यावर पैसे घेता येतात काय

सार्वजनिक रस्त्यावर बांबू आडवा घालून पावतीवाचून पैसे गोळा करणे, मग ते गावातल्या तरुण मंडळाने केलेले असो वा कोणा पदाधिकाऱ्याने, बेकायदा आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या मालकीच्या जागेवर वाहनतळ करून, रीतसर ठराव मंजूर करून आणि छापील पावती देऊन शुल्क घेता येते. तो पैसा पंचायतीच्या खात्यात जमा होऊन त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे आला पाहिजे.

धबधबा वनजमिनीत असेल तर अधिकार वनविभागाचा. ताम्हिणीचे अभयारण्य २०१३ साली घोषित झाले, आणि त्याच्या हद्दीत गावाच्या मर्जीने काहीही करता येत नाही. परंतु येथेही गावाला वाट आहे. साताऱ्याच्या कास पठारावर, जे २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेतात, दिवसाच्या पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवतात आणि गावच्याच तरुणांना मार्गदर्शक व रखवालदार म्हणून काम देतात. आपल्या गावात अशी समिती आहे काय आणि ती जिवंत आहे काय, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे विचारावे. आदिवासी वाड्यांनी वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्काचा दावा दाखल केला असल्यास त्याचीही स्थिती पाहावी, कारण जंगलाच्या वापरासंबंधी बोलण्याचा त्यांचा हक्क त्यावर अवलंबून आहे.

देवराईविषयी माझे मत स्पष्ट आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांतल्या अनेक या सह्याद्रीच्याच पट्ट्यातल्या आहेत; त्या टिकल्या त्या गावाने पाळलेल्या निर्बंधांमुळे. तेथे पायवाटेखेरीज काही करू नये, मोठे गट नेऊ नयेत, आणि देवतेचे जे नियम आपण पाळता ते पाहुण्यालाही पाळावयास सांगावेत. काजव्यांच्या बाबतीतही तेच: त्यांचा प्रकाश हे मीलनाचे आवाहन असते, म्हणून त्या झाडांखाली मोटारींचे दिवे आणि बॅटऱ्या नकोत.

जीवाची जोखीम

प्लस व्हॅलीच्या डोहांत आणि घाटातल्या ओढ्यांत दरवर्षी माणसे बुडतात. जून २०२४ मध्ये ताम्हिणी आणि लोणावळ्याजवळ अशा दुर्घटना घडल्या, आणि १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांसह कोसळला. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेकदा धोक्याच्या स्थळांवर मनाईहुकूम काढतात. तो हुकूम लागू असताना पाहुण्याला तेथे नेणाऱ्या वाटाड्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. गावातल्या ज्या तरुणांना ओढ्याची वाढती धार आवाजावरून कळते, त्यांना प्रथमोपचार आणि दोराचे प्रशिक्षण द्यावे, आणि पाहुण्याला ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार त्यांना द्यावा. १०८ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक घरात लावावेत; मोबाईलला रेंज कोणत्या टेकाडावर येते हेही त्याखाली लिहून ठेवावे.

बाहेरचा भांडवलदार दारी आला तर

त्याला हाकलून लावावे असे माझे म्हणणे नाही. परंतु तो पुढे करील त्या कागदांतला भेद समजून घ्यावा. खरेदीखताने मालकी जाते. साठेखत हा विक्रीचा करार असून त्यावर इसार घेतला की माघार घेणे कठीण होते. कुलमुखत्यारपत्राने आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्यास मिळतो, आणि मुळशीत फसवणुकीच्या कित्येक कहाण्यांचा आरंभ या कागदाच्या सहीने झाला आहे. ‘फक्त परवानग्या काढण्यापुरते’ म्हणून पुढे केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर सही करू नये. करणे अटळच असेल तर विक्रीचा व गहाणाचा अधिकार त्यातून स्पष्ट शब्दांत वगळावा.

भाडेपट्ट्याची मुदत एक वर्षाहून अधिक असेल तर त्याची नोंदणी अवश्य लागते, आणि शेतजमीन कसण्यास अथवा भाड्याने देताना कूळकायद्याच्या तरतुदी आड येतात. तेव्हा वकिलाला मसुदा दाखवल्यावाचून पुढे जाऊ नये. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे, भाड्याने किंवा गहाण म्हणूनसुद्धा, सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवाचून जाऊ शकत नाही. कातकरी आणि महादेव कोळी वाड्यांत हे मुद्दाम समजावून सांगावे. भागीदारीच करावयाची असेल तर जमीन आपल्या नावे ठेवून उत्पन्नाचा वाटा, मुदत, आणि मुदतीनंतर बांधकामाचे काय, हे तिन्ही करारात लिहून घ्यावे.

आपले हक्क

- महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि मर्यादित उत्पन्नाचे नागरिक यांना तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. महिला व अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही.
- आपल्या गावाचा समावेश पश्चिम घाटाच्या प्रस्तावित पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आहे काय, विकास आराखड्यात आपल्या गटावर आरक्षण आहे काय, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवस. संवेदनशील क्षेत्र म्हणजे घरगुती पर्यटनास बंदी, ही अफवा आहे. त्या मसुद्यातली बंधने खाणी, प्रदूषणकारी कारखाने आणि मोठ्या बांधकामांवर आहेत.
- दाखले व नकला ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने दिला आहे. दाखला अडवून ठेवला गेल्यास त्याच कायद्याखाली अपील करावे.
- ग्रामसभेत बोलण्याचा हक्क गावच्या प्रत्येक मतदाराला आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते.

ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. आपला विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा म्हणून सभेपूर्वी पुरेसे दिवस राखून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात एवढेच मागावे: गावाची पर्यटन समिती नेमावी, तिच्यात निम्म्या महिला आणि प्रत्येक वाडीचा एक प्रतिनिधी असावा, आणि घाटातल्या गर्दीचा कचरा उचलण्याची तजवीज वित्त आयोगाच्या स्वच्छतेसाठी बांधील असलेल्या निधीतून व्हावी. शेतीकामाच्या धामधुमीत १५ ऑगस्टची सभा अनेकदा ओसाड जाते. भातकापणी तोंडावर असली तरी २ ऑक्टोबरची सभा या विषयासाठी अधिक सोयीची.